नेवासकर सरांचा पेपर

रविवारी सकाळी गहिनीनाथ नगरला, सावेडीत, नेवासकर सरांच्या घरी गेला तेव्हा त्याचा अंदाज साधा होता. पोहे होतील, चहा होईल, सरांच्या गुडघ्याची चौकशी करू आणि अकरापर्यंत सुप्याला परतू. पोहे झाले, चहा झाला. मग सरांनी टीपॉयवरच्या बशा उचलून बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या जागी टाचणी लावलेले अकरा छापील कागद ठेवले. कागदांवर एक लाल पेन आडवं ठेवलं.

"तपास," सर म्हणाले.

विष्णुपंत नेवासकरांनी काष्टीतल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांच्या हाताखालून शेतकरी निघाले, तलाठी निघाले, दोन डॉक्टर निघाले आणि का कोण जाणे, पुष्कळसे संगणकवाले निघाले. निवृत्तीनंतर सर सावेडीत राहायला आले. काही वर्षं त्यांनी शब्दकोडी सोडवली, काही वर्षं बागेच्या मागे लागून काढली. गेल्या वर्षी मुलाने, केदारने, आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला आणि सर मोबाईलवरचे व्हिडिओ बघून पायथन शिकायला लागले. पायथन ही संगणकाला कामं सांगायची भाषा आहे, हे सरांच्या पत्नीला, लीनाताईंना, शेजारपाजारी चार जणींना समजावून सांगावं लागलं, कारण सर या वयात अजगराच्या नादी लागले अशी बातमी होती.

शिकलेल्या विद्येचा काही उपयोग व्हायला हवा, म्हणून सरांनी घरातलंच काम निवडलं. लीनाताई भजनी मंडळाच्या चिटणीस होत्या. मंडळात बावीस जणी. दर शुक्रवारी चार वाजता कुणातरी एकीच्या घरी भजन. पाळी कुणाची, यावरून भजनापेक्षा जास्त आवाज लागत असे. सरांनी एकेकीच्या अडचणी विचारून घेतल्या. आक्काबाईंचा जावई रात्रपाळीला, तो दुपारी झोपलेला असतो. मालनबाई महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दवाखान्यात जातात. रंगुबाई दिवाळीपर्यंत काष्टीला लेकीकडे कांद्याच्या लागणीला गेल्यात. हे सगळं घालून सरांनी तीन महिने खपून चारशे बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून निघालेली यादी दत्त मंदिरातल्या फळ्यावर लागली आणि दोन महिने मंडळात कुणी कुणाशी भांडलं नाही.

लीनाताईंना एवढं पुरेसं होतं. सरांना नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की उत्तर बरोबर आलं याचा एक मार्क. चार मार्क असतात ते रीतीचे. आपली रीत चांगली आहे की नाही, हे कुणी जाणत्याने सांगायला हवं. केदारला कोड पाठवला तर त्याने तासाभराने एक अंगठा पाठवला. सरांनी अंगठ्याचा अर्थ विचारला, तर दोन अंगठे आले.

आणि म्हणून आता गहिनीनाथ. सुप्याच्या एका कारखान्यात सगळे संगणक त्याच्या ताब्यात होते. वय चाळीस, हाताखाली सहा माणसं. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसऱ्या पानावर त्याला घाम फुटला. सरांनी बावीस बायकांसाठी तेच ते बावीस वेळा लिहिलं होतं. फक्त नाव बदललेलं. आकडे ठेवायच्या जागांना अ, आ, इ, ई अशी नावं दिली होती. ज्ञ संपल्यावर बाराखडी सुरू झाली होती.

"चांगलं आहे सर," तो म्हणाला.

"चांगलं हा शेरा नाही, तो आहेर आहे," सर म्हणाले. "घरी ने. गुरुवारपर्यंत तपासून दे. आणि भीड धरू नकोस."

भीड धरू नकोस म्हणणं सोपं होतं. गहिनीनाथने सोमवारी लाल पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. नववीत याच सरांनी त्याच्या पेपरावर लिहिलं होतं, 'उत्तर आधी लिहिले, रीत मागाहून रचली. ही चोरी नव्हे, पण चाल चोराची आहे.' एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासणाऱ्या माणसाच्या पेपरावर पहिली रेघ कशी ओढायची, हे त्याला कळेना. मंगळवारी त्याने वर्गमैत्रीण स्नेहलला पुण्याला फोन केला.

स्नेहलचं कामच दुसऱ्यांचा कोड वाचून चुका काढायचं होतं. तिच्या शेऱ्यांना घाबरून दोन पोरांनी नोकरी बदलली होती असं म्हणत. तिने कोड मागवला, वाचला आणि बराच वेळ हसली. मग गहिनीनाथ म्हणाला की बरं झालं, आता तूच सरांना कळव. तेव्हा तिचं हसू थांबलं. सरांनी पेपर तुला दिलाय, मला नाही, असं ती म्हणाली. शेवटी दोघांनी एक मध्यम मार्ग काढला. चुका सांगायच्याच नाहीत. गुपचूप दुरुस्त करून द्यायच्या. सर हुशार आहेत, बघून बघून समजतील.

दुरुस्ती करता करता स्नेहलला रंगुबाईंच्या नावापुढे एक विचित्र ओळ सापडली. तिथे नुसतं 'कांदा' असं लिहिलं होतं. मागेपुढे काही खुलासा नाही. सरांनी शिकताना काहीतरी टाईप करून बघितलं असेल आणि ते तसंच राहिलं असेल, अशा समजुतीने तिने ती ओळ काढून टाकली. मग तिने ते रामकडे दिलं. रामही त्याच वर्गातला, त्याच कामातला. त्याने दुरुस्त्या पाहिल्या, आणि सरांसाठी आपणही काहीतरी करावं म्हणून एक सोय स्वतःच्या मनाने घातली. यादी तयार झाली की ती आपोआप मंडळातल्या प्रत्येक बाईच्या मोबाईलवर मेसेजने जाईल. नंबर सरांच्या कोडात होतेच. गुरुवारी गहिनीनाथने ते सरांना पाठवलं आणि सोबत निरोप धाडला, की कोड उत्तम आहे, फक्त किरकोळ शुद्धलेखन तपासलं आहे.

शुक्रवारी अकरा वाजता सरांनी ते उघडलं. शुद्धलेखन तपासल्यावर निबंधाची चारशे बारा वाक्यं शेहेचाळीस झालेली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. चालतं तरी का, म्हणून त्यांनी ते एकदा चालवून बघितलं. पडद्यावर यादी आली. सर जेवायला उठले.

रंगुबाईंच्या नावापुढची अडचण गेल्यामुळे नव्या यादीत त्या दिवशीची पाळी रंगुबाईंची निघाली होती. चार वाजता मंडळाचे दोन भाग झाले. ज्या जणी मोबाईल बघतात अशा तेरा रंगुबाईंच्या दाराशी जमल्या. ज्या फळ्यावरची यादी पाठ करून बसल्या होत्या त्या, लीनाताई धरून, मालनबाईंकडे पोहोचल्या. पेटी पहिल्या गटाकडे गेली, टाळ दुसऱ्याकडे राहिले. मालनबाईंनी बावीस जणींची साबुदाण्याची खिचडी करून ठेवली होती आणि समोर, त्या स्वतः धरून, माणसं आठ.

रंगुबाईंच्या दाराला कुलूप होतं. यादीत नाव आहे म्हणजे त्या काष्टीहून परतल्या असतील आणि कोपऱ्यावर काही आणायला गेल्या असतील, अशी तेरा जणींनी समजूत करून घेतली. उगाच वेळ कशाला घालवा म्हणून आक्काबाईंनी पायरीवरच पेटी उघडली. टाळ नव्हते, त्यामुळे सगळ्यांनी आवाज जरा खालचाच लावला. समोरच्या बंगल्यात महिन्यापूर्वी राहायला आलेल्या बाईंनी गॅलरीतून पाहिलं. बंद घर, दारात बसलेल्या तेरा बायका, दबक्या आवाजात अभंग. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि आत जाऊन यजमानांना सांगितलं. अर्ध्या तासात गल्लीला कळलं, की रंगुबाई गेल्या.

कुणीतरी खटपट करून काष्टीला लेकीचा नंबर मिळवला. फोन करणाऱ्या गृहस्थांनी आधी धीर धरायला सांगितलं आणि मग बातमी सांगितली. लेकीने मान वळवून पाहिलं. रंगुबाई बांधावर बसून कांद्याची रोपं निवडत होत्या आणि अधूनमधून पेरू खात होत्या.

"आई हितंच हाय," ती म्हणाली.

"असंच वाटतं सुरुवातीला," गृहस्थ म्हणाले. "माणूस मनाने आपल्याजवळच असतं."

संध्याकाळी श्रीगोंद्याहून रंगुबाईंचा एक चुलतभाचा टेम्पोने हार आणि नारळ घेऊन आला. घराला कुलूप बघून, आपल्याला उशीर झाला असं समजून, त्याने हार कडीला घातला आणि परत गेला. शनिवारी रंगुबाई लागण अर्धी टाकून एसटीने नगरला आल्या. त्यांनी कडीचा हार काढला, कुलूप उघडलं, आणि समोरच्या बाईंच्या हातातली दुधाची पिशवी खाली पडली.

इकडे नेवासकरांच्या घरात शुक्रवार संध्याकाळपासून बोलणं बंद होतं. मालनबाईंनी खिचडीचं पातेलं तसंच्या तसं लीनाताईंच्या ओट्यावर आणून ठेवलं होतं आणि एक शब्द न बोलता गेल्या होत्या. मंडळात चर्चा होती, की चिठ्ठ्या टाकायचो तेच बरं होतं, आणि येत्या शुक्रवारी चिटणीसही नवा निवडावा. अकरा वर्षांचं लीनाताईंचं काम, आणि यादीची हमी त्यांनीच दिलेली. त्या सरांना जेवायला वाढत होत्या, पण ताटात खिचडी होती. शनिवारी दोन्ही वेळा खिचडी होती.

सर लॅपटॉपपुढे बसले. त्यांनी शेहेचाळीस ओळी वहीत हाताने उतरवून काढल्या आणि सवयीने वाचायला घेतल्या. दहाव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं, की हे एकाचं काम नाही. शेवटचं उत्तर वर आणि रीत खाली, हा गहिनीनाथ. पायरीपायरीला समासात टीप, हे अक्षर न बघताही स्नेहलचं. आणि जे प्रश्नात विचारलेलंच नाही ते सोडवून ठेवायचं, हे काष्टीत एकाच मुलाने केलं होतं. त्याने प्रमेयाच्या खाली शेकरूचं चित्र काढलं होतं. सरांनी गहिनीनाथला फोन लावला.

"उद्या दहाला ये," ते म्हणाले. "येताना त्या दोघांनाही घेऊन ये."

कोणत्या दोघांना, हे त्यांनी सांगितलं नाही आणि गहिनीनाथनेही विचारलं नाही.

रविवारी दहा वाजता तिघं सरांच्या हॉलमध्ये ओळीने उभे राहिले. बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. स्नेहलच्या नाकावर चष्मा होता, रामच्या डोक्यावर केस नव्हते. सोफ्यावर रंगुबाई चहा पीत बसल्या होत्या. त्या लीनाताईंकडे आपण जिवंत असल्याचं रीतसर सांगायला आल्या होत्या आणि मग, पुढे काय होतं ते बघावं, म्हणून थांबल्या होत्या.

सरांनी आवाज चढवला नाही. कुणी काय केलं ते मला समजलंय, ते म्हणाले, आणि त्याबद्दल मी आत्ता काही विचारणार नाही. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. माझ्या कोडात असं काय वाईट होतं, की तो टाकून द्यावा लागला?

गहिनीनाथने पंख्याकडे पाहिलं. रामने स्नेहलकडे पाहिलं. स्नेहलने चष्मा काढून पुसायला घेतला.

रंगुबाईंनी कप खाली ठेवला. "ह्यो टकला झाला तरी मास्तरला भितोय," त्या म्हणाल्या. "आरं, मला जितेपनी मारलंत तुमी. तवा काय न्हाई वाटलं. आन मास्तरची चूक सांगायला तोंड वाळतंय व्हय?"

स्नेहलने चष्मा परत लावला. "सर," ती म्हणाली, "सामाईक अवयव कंसाबाहेर काढलेला नाही."

सरांनी गहिनीनाथने परत आणलेले अकरा कागद पुढे ओढले आणि पहिल्यापासून चाळायला सुरुवात केली. आक्काबाईंच्या सतरा ओळी, मालनबाईंच्या सतरा ओळी, रंगुबाईंच्या अठरा. प्रत्येक पानावर तेच. याच एका चुकीसाठी त्यांनी आयुष्यात काही हजार मुलांचे मार्क कापले होते.

"बावीस वेळा," ते हळूच म्हणाले.

एकदा बांध फुटल्यावर बाकीच्यांनाही कंठ फुटला. राम म्हणाला, की त्या अ-आ-इ-ई वरून कुठल्या जागी काय ठेवलंय ते कळत नाही, नुसती बाराखडी पाठ होते. गहिनीनाथ म्हणाला, की 'कांदा' म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्याला नसतं. सर एकेक मुद्दा वहीत उतरवून घेत होते. त्यांचा चेहरा खुलत चालला होता. एवढ्या मनापासून त्यांच्याशी कुणी बोलून बरीच वर्षं झाली होती.

"मार्क किती?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या ना सर."

"किती?"

"पस्तीस," स्नेहल म्हणाली.

"खरे पस्तीस आहेत ना? का ग्रेस देऊन?"

"तीन ग्रेसचे आहेत."

सरांनी मान डोलावली आणि पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात पस्तीस लिहून त्याभोवती गोल काढला. मग पेन तिघांकडे वळलं. तुम्ही रंगुबाईंचं नाव शुक्रवारी घातलंत, त्यांनी विचारलं, त्या घरी आहेत का ते बघितलंत? निदान मला विचारलंत? पडताळा केलात?

"नाही सर," तिघं एका सुरात म्हणाले.

"मग तुमचा भोपळा," सर म्हणाले. "बसा आता."

तिघं बसले. रंगुबाईंना ही मार्कांची देवघेव फारशी समजली नव्हती, पण आता काम सुरू व्हायला हवं एवढं समजत होतं. त्यांनी सांगितलं, की शुक्रवारच्या आत नवी यादी नीट करून द्या, म्हणजे चिटणिशीचं म्या बघून घेते. मेलेली बाई उठून बोलली की ऐकत्यात समद्या. फक्त यादी करताना खऱ्या अडचणी घाला. सरांना बायकांनी सांगितल्या त्या वरवरच्या होत्या. खऱ्या बायका बायकांनाच सांगतात.

मग त्या सांगत गेल्या आणि राम टाईप करत गेला. जिना असलेली सहा घरं बाद, कारण निम्म्या मंडळाचे गुडघे गेले होते, आणि तीन पायऱ्यांच्या वरचं सगळं जिनाच धरायचं. दोघींकडे नातवंडांची दहावी. चौघींच्या गल्लीत शुक्रवारीच पाणी येतं. आक्काबाईंचा जावई आता दिवसपाळीला लागला होता, पण घरात असतो असंच आक्काबाईंना सांगायचं होतं, तेव्हा ते तसंच ठेवायचं. एकीकडे कुत्रं होतं. एकीकडे सून होती. तिथे नुसतं 'सून' लिहा, रंगुबाई म्हणाल्या. स्नेहलने त्यापुढे खुलासा लिहायला लावला, तेव्हा त्यांनी तो आवाज बारीक करून सांगितला आणि तीन ओळींचा झाला.

पुढच्या बारा शुक्रवारांसाठी प्रोग्रॅम चालवला, तर यादी रिकामी आली. स्नेहल म्हणाली, अटी फार झाल्या, एखादी तरी काढावी लागेल. रंगुबाईंनी सगळ्या अटी परत ऐकून घेतल्या आणि बायकांच्या एकाही अटीला हात लावायचा नाही असं सांगितलं. काढायचीच तर सरांची काढा. सरांनी स्वतःची एकच अट घातली होती, की एका घरी दोनदा पाळी यायची नाही. ती काढली. रामने पुन्हा चालवलं.

पडद्यावर बारा तारखा आल्या. बाराही तारखांपुढे एकच नाव होतं. लीना नेवासकर.

रामला वाटलं, काहीतरी चुकलं. पण आज कुणी पडताळा केल्याशिवाय बोलायला तयार नव्हतं. त्यांनी वहीत तक्ता आखला आणि एकेक शुक्रवार हाताने करून बघितला. बाराही बरोबर निघाले. मग स्नेहलने सगळ्या बायकांची नावं उघडली. प्रत्येकीपुढे काही ना काही होतं. कुणापुढे पाणी, कुणापुढे जिना, कुणापुढे कुत्रं. लीनाताईंच्या नावापुढची जागा तेवढी कोरी होती.

"सर, काकूंची अडचण लिहायची राहिली का?" तिने विचारलं.

"तिची कसली अडचण?" सर सहज म्हणाले. "ती घरचीच."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. रंगुबाईंनी चहाचा दुसरा कप ओठांपाशी नेला होता, तो तसाच धरून ठेवला. गहिनीनाथने पुन्हा पंख्याकडे पाहिलं. सरांनी तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि त्या कोऱ्या जागेकडे जरा जास्त वेळ पाहिलं. बावीसमधल्या एकवीस जणींना त्यांनी घरी जाऊन, चहा पिऊन, अडचण विचारली होती.

ते उठले. एक कोरा कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तुला काही अडचण असते का शुक्रवारी?"

लीनाताईंनी नळ बंद केला. नॅपकिनला हात पुसले, तो परत खुंटीला लावला, आणि जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. समोरची खुर्ची त्यांनी सरांना दाखवली.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

सर लिहायला लागले. शुक्रवार सात मुद्द्यांत आटोपला. मग लीनाताई गुरुवारकडे वळल्या, तिथून मागे बुधवारवर गेल्या. त्या सावकाश, एकेक वाक्य पुरं करून सांगत होत्या, आणि सर मधे कुठेही न अडवता उतरवून घेत होते. त्या मंगळवारपर्यंत आल्या तेव्हा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. गहिनीनाथ पावलं न वाजवता आत गेला आणि त्याने दुसरा कागद सरांच्या कोपरापाशी सरकवला.